नाणेघाटाचा रांजण आणि आजचा परकीय उद्योजक

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील कार्यकर्ते व कुटुंबीय यांच्यासाठी झालेल्या बौद्धिकाचे शब्दांकन)



जुन्नरहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता घाटघरवरून नाणेघाटाच्या माथ्यावर पोहोचतो. तेथे एक प्रचंड दगडी रांजण आहे. कोकणातून माल घेऊन वर येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात या रांजणात जमा होई, असे या परिसरात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. जवळच्याच लेण्यात सातवाहन राज्ञी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. अश्वमेधादी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणांची मोजदाद त्यात आकड्यांसह कोरलेली आहे. सिमुक, सातकर्णी आदी राजपुरुषांच्या मूर्तींचे अवशेष तेथेच आहेत. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, राजघराण्याने आपली ओळख कोरण्यासाठी राजधानीतील महाल निवडला नाही, तर व्यापाराच्या वाटेवरचा कातळ निवडला. या वाटेने कोण येतो, काय आणतो आणि काय देऊन जातो, हे राज्याला ठाऊक असले पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे.

आजचा विषय आहे परकीय उद्योजकाला या देशात राहून काम करण्याची मुभा कोणत्या नियमाने मिळते हा. आणि त्यातही ज्याचा सारा व्यवहार इंटरनेटवर चालतो अशा उद्योजकाचा. हा विषय दिल्लीतील अधिकाऱ्यांचा आहे, जुन्नर आणि घोडेगावचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणास वाटेल. संबंध दोन हजार वर्षांचा आहे.

जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची नावे दानलेखांत कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च उचलला. यवन म्हणजे मूळचे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. त्यांची दाने प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत आणि येथील धर्मसंस्थेला आहेत. कोणी तलवार उगारून त्यांना तसे करावयास लावलेले नाही. याच लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या, कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. श्रेणी म्हणजे आपला व्यवसाय, ठेवी आणि शिस्त स्वतः सांभाळणारी संघटना. परका व्यापारी आला तेव्हा त्याच्या समोर येथे एक संघटित, स्वाभिमानी व्यापारी समाज उभा होता. परकीयाला सामावून घेण्याचे सामर्थ्य त्या समाजाच्या घडणीतून आले होते. केवळ मनाच्या मोठेपणातून ते येत नाही.

नियम त्या काळीही होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या ग्रंथात कल्याण बंदराविषयी एक मार्मिक नोंद आहे. आधीच्या राजाच्या काळात कल्याण ही विधिसंमत बाजारपेठ होती. सत्ता बदलल्यावर तेथे अडथळे आले आणि तेथे लागणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचकडे नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. म्हणजे कोणत्या बंदरात परकीयाने उतरावे आणि कोणत्या नाही, याची व्यवस्था होती आणि ती मोडणाऱ्यास पहाऱ्यात नेले जाई. आज ज्याला व्हिसा म्हणतात त्याचे मर्म याहून फारसे वेगळे नाही.

याच घाटवाटांनी इ. स. १६७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर मुंबईहून जुन्नरला आला. मोगल सुभेदाराला उपचारासाठी इंग्रज वैद्य हवा होता. शिवनेरी तेव्हा मोगलांकडे होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर फ्रायर निमंत्रणावरून आलेला परकीय तज्ज्ञ. परंतु या वैद्याने रोग्याची नाडी पाहिली तशीच किल्ल्याचीही पाहिली. गडावरील धान्यसाठा किती काळ पुरेल, याचीही नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात करून ठेवली. परतीच्या वेळी तो नाणेघाटाने उतरला. पाहुणा कोणत्या कामासाठी आला आणि प्रत्यक्षात काय काय करून गेला, या दोहोंतील अंतराकडे मोगलांचे लक्ष नव्हते. शिवछत्रपतींचे होते.

महाराजांच्या धोरणाची नीट मांडणी केली पाहिजे, कारण या विषयात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो परकीयाला दारात उभे करू नका. दुसरा म्हणतो भांडवल घेऊन येईल त्याला दार सताड उघडा. महाराजांनी दोन्ही केले नाही. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली आणि स्वतःचे निशाण लावून गडावर मारा केला. व्यापाराच्या परवान्यावर राहणाऱ्यांनी युद्धात भाग घेतला. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरवर चालून जाऊन वखार लुटली आणि तेथील इंग्रजांना कैदेत टाकले. तरीही १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा महाराजांनी इंग्रजांशी तह केला, ठरावीक ठिकाणी वखारींना परवानगी दिली आणि अडीच टक्के जकात ठरविली. आपले नाणे स्वराज्यात चालावे, असा इंग्रजांचा आग्रह होता. कोणतेही नाणे चालण्यास मनाई नाही, पण ज्यात प्रजेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. आज परकीय कंपन्या येथे येऊन आपल्याच अटींचे कागद पुढे करतात, तेव्हा हे उत्तर आठवावे. त्याआधी १६७१ मध्ये बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठामुळे कोकणातील मिठाचा धंदा बुडू लागला, तेव्हा त्या मिठावर जबर जकात बसविण्याचा हुकूम महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पाठविला होता. व्यापार खुला ठेवायचा, पण तो कोणत्या दराने आणि कोणाच्या हितासाठी, हे राज्याने ठरवायचे.

रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त हाच अनुभव सूत्ररूपाने मांडला. साहुकार हे राज्याचे भूषण, त्यांना आणून वसवावे, असे पंत सांगतात. टोपीकरांविषयी मात्र त्यांचा सूर सावध आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांना वखारीस जागा द्यावयाचीच झाली तर समुद्रकिनारी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये; आत, मोठ्या गावाजवळ, आपल्या नजरेखाली द्यावी, पक्की मजबूत इमारत बांधू देऊ नये, असा त्यांचा सल्ला आहे. व्यापाऱ्याला नकार नाही, वखारीलाही नकार नाही. ती कोठे आणि कशी असावी याचा नियम आहे. हा सल्ला न पाळल्याचे परिणाम पुढे सर्व देशाने भोगले. आंबेगाव आणि खेडच्या डोंगरात भीमाशंकराच्या देवळापुढे जी मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, ती चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाची, १७३९ सालची खूण मानली जाते. व्यापारासाठी उतरलेल्या पोर्तुगीजांचा साष्टी-वसईचा मुलूख परत मिळविण्यास केवढे रक्त सांडावे लागले, याचे स्मरण त्या घंटेच्या प्रत्येक टोल्याबरोबर व्हावे.

आता वर्तमानाकडे येऊ. पूर्वी व्यापारी, त्याचा माल, त्याचे पैसे आणि त्याची पेढी ही सारी एकाच तांड्याबरोबर एकाच घाटाने वर येत. रांजण एक पुरे होता. इंटरनेटवरील व्यवसायाने या चार गोष्टी एकमेकींपासून सुट्या केल्या आहेत. मनुष्य माळशेजच्या पायथ्याशी एखाद्या कृषिपर्यटन केंद्रात खोली घेऊन बसलेला असतो. त्याची कंपनी एस्टोनियात नोंदलेली असते, कारण त्या छोट्या देशाने २०१४ पासून परकीयांना तेथे न राहता कंपनी चालविण्याची ‘ई-रेसिडेन्सी’ देऊ केली आहे. ग्राहक ब्राझीलमध्ये असतो. आणि पैसे सिंगापूरच्या खात्यात जमा होतात. घाटावरच्या पहारेकऱ्याला दिसतो तो फक्त पाठीवर पिशवी घेतलेला एक पर्यटक.

या पर्यटकाचे काय करावयाचे, याचे उत्तर भारतीय नियमांत आज सरळ शब्दांत नाही. टुरिस्ट व्हिसा हा पर्यटन, नातलगांच्या भेटी आदींसाठी आहे. त्यावर येथे नोकरी वा धंदा करता येत नाही. बिझनेस व्हिसा उद्योग उभारण्यासाठी, त्याची चाचपणी करण्यासाठी, खरेदी-विक्रीसाठी मिळतो. एम्प्लॉयमेंट व्हिसा भारतातील एखाद्या संस्थेने नेमलेल्या कुशल परकीयासाठी असून त्याला किमान वेतनाची अट आहे. ती वार्षिक सोळा लक्ष पंचवीस हजार रुपये अशी ठरविण्यात आली. जे काम भारतीय माणूस सहज करू शकतो, त्यासाठी परकीयास बोलावू नये, हा त्यामागील हेतू. या दोहोंतील सरमिसळ किती महाग पडते, ते २००९ मध्ये दिसले. वीजप्रकल्पांवर हजारो चिनी कामगार बिझनेस व्हिसावर राबत असल्याचे उघड झाले, तेव्हा केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यांना परत जाण्यास आणि काम करावयाचे असल्यास एम्प्लॉयमेंट व्हिसा घेऊन येण्यास सांगावे लागले. आपल्या घरचा वेल्डर आणि फिटर रिकामा बसलेला असताना हे चालले होते.

परंतु ज्याचा मालक परदेशात, ग्राहक परदेशात आणि ज्याने येथील कोणाचीही नोकरी घेतलेली नाही, असा संगणकावर काम करणारा परकीय या दोन्ही चौकटींत बसत नाही. थायलंडने २०२४ मध्ये अशांसाठी पाच वर्षांचा स्वतंत्र व्हिसा सुरू केला. एका वेळच्या वास्तव्याला १८० दिवसांची मर्यादा आणि बँकेत पाच लक्ष बाट शिल्लक दाखविण्याची अट त्याला आहे. एस्टोनियाने २०२० मध्येच तशी सोय केली. ब्रिटनने २०२३ मध्ये नवउद्योजकासाठी व्हिसा आणला, पण त्याची कल्पना नवी आणि टिकाऊ आहे असे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र त्याला आणावे लागते. भारताने असा स्वतंत्र प्रकार केलेला नाही. परिणामी प्रामाणिक मनुष्य गोंधळतो आणि अप्रामाणिक मनुष्य त्याच गोंधळात आडोसा शोधतो. डोळेझाक हे धोरण असू शकत नाही. यावायचे तर उघड नियमाने यावे, उत्पन्नाचा स्रोत सांगावा, येथील ग्राहकाला माल विकायचा नसेल तर तसे लिहून द्यावे, आणि वास्तव्य लांबले की कराच्या नोंदीत यावे. अशी एक स्वच्छ श्रेणी सरकारने करणे राष्ट्रहिताचेच आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर जगभरातून शास्त्रज्ञ येतात, त्यांच्या येण्याने कोणाची झोप उडत नाही, कारण ते कोण, कशासाठी आणि किती दिवस, हे आधीच ठरलेले असते.

व्हिसा हा केवळ मनुष्यावरचा पहारा झाला. उरलेल्या तीन गोष्टींवरही भारताने गेल्या काही वर्षांत रांजण मांडले आहेत आणि त्याची दखल न घेणे अन्यायाचे होईल. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार येथे कार्यालयही नसलेल्या परकीय कंपनीने भारतीय ग्राहकाला इंटरनेटवरून सेवा विकली, तरी तिला येथे नोंदणी करून कर भरावा लागतो. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवाणघेवाणीची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश दिला. वखार आपल्या नजरेखाली असावी, हे अमात्यांचे म्हणणे तीनशे वर्षांनी संगणकाच्या भाषेत अवतरले! परकीय भांडवलाच्या ऑनलाइन कंपनीने बाजारपेठ चालवावी, पण स्वतःचा माल साठवून थेट किरकोळ ग्राहकाला विकू नये, हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये अधिक काटेकोर करण्यात आला. त्यामागे गावोगावच्या किराणा दुकानदाराचा आक्रोश होता. एप्रिल २०२० मध्ये सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या भांडवलाला सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली गेली, आणि गलवानच्या बलिदानानंतर २९ जून २०२० रोजी ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली. सारेच पाऊल पुढे पडले असे मात्र नाही. परकीय ऑनलाइन जाहिरातींवर २०१६ मध्ये बसविलेला ६ टक्क्यांचा समतुल्यीकरण कर २०२५ मध्ये मागे घेण्यात आला, आणि ऑनलाइन विक्रीवरील २०२० सालचा २ टक्क्यांचा कर त्याआधीच, २०२४ मध्ये गेला. अमेरिकेचा या करांना उघड विरोध होता. अडीच टक्के जकातीवर ठाम राहणाऱ्या रायगडाचे वंशज म्हणविणाऱ्यांनी यावर अधिक चर्चा करावयास हवी होती.

या विषयाची दुसरी बाजू मध्यमवर्गीय घरांना अधिक जवळची आहे. नारायणगाव, मंचर, ओतूर येथील कितीतरी घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. तेथे एच-वन-बी व्हिसावर गेलेला अभियंता ज्या कंपनीने त्याला बोलावले तिचेच काम करू शकतो. फावल्या वेळात स्वतःचे ऑनलाइन दुकान चालविणे त्याला निषिद्ध आहे. त्याची पत्नी एच-फोर व्हिसावर गेलेली असेल, तर घरबसल्या इंटरनेटवरून साड्या विकणे हेसुद्धा तेथे काम समजले जाते. २०१५ पासून अशा पत्नींपैकी काहींना, म्हणजे पतीच्या ग्रीन कार्डाचा पहिला टप्पा मंजूर झाला असेल त्यांना, कामाचा परवाना मिळू शकतो, इतरांना नाही. अमेरिकेशी व्यापारी करार असलेल्या देशांच्या नागरिकांना तेथे धंदा उभारण्यासाठी जो ई-टू व्हिसा मिळतो, त्या देशांच्या यादीत भारत नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लक्ष डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा किती घरांत त्या रात्री फोन वाजत राहिले!

तेथे हे सारे नियम आपली माणसे निमूटपणे पाळतात. वकिलाला विचारल्याखेरीज पाऊल टाकत नाहीत. तीच माणसे सुटीत गावी आली की येथे उतरलेल्या गोऱ्या पाहुण्याला कागदपत्र विचारणे म्हणजे असभ्यपणा, असे मानतात. ‘अतिथी देवो भव’ हे वचन त्यासाठी पुढे केले जाते. वस्तुतः अतिथी म्हणजे तिथी न ठरविता आलेला आणि थोडा काळ राहून जाणारा. राहून धंदा मांडणारा हा अतिथी नव्हे, तो व्यापारी. आणि व्यापाऱ्याचा सन्मान त्याची जकात रीतसर घेण्यात आहे. ज्यांचे पूर्वज येथलेच, अशा परदेशस्थ भारतीयांचा प्रश्न निराळा आहे. ओ.सी.आय. कार्डाची सोय त्यांच्यासाठी २००५ पासून आहे आणि ते कार्ड घेतलेल्या मुलाला येथे येऊन राहण्यास व धंदा उभारण्यास वेगळा व्हिसा लागत नाही. आपल्या गावात परतून उद्योग काढू इच्छिणाऱ्या मुलांना ही गोष्ट घरच्यांनी आवर्जून सांगावी.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. तो तरुणांसाठी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार भारतात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीत आर्थिक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहिलेला एक तरी संचालक असावा लागतो. नियम योग्यच आहे. जबाबदारी घेणारे कोणी तरी या मातीत असावे, हा त्याचा हेतू. पण नेमक्या याच नियमाला बगल देण्यासाठी नाममात्र संचालकांचा बाजार उभा राहिला. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या आणि वसुलीसाठी लोकांना छळणाऱ्या ॲप्सची प्रकरणे २०२० नंतर बाहेर आली, तेव्हा तपासात असे अनेक ‘संचालक’ सापडले. सूत्रे परदेशातून हलत होती आणि कागदावर सही करणारा येथलाच कोणी बेताच्या परिस्थितीतील तरुण होता. त्याला महिन्याकाठी थोडे पैसे आणि भेटीदाखल एक मोठे पद मिळालेले असते. कंपनी काय करते, हे त्याला ठाऊक नसते. पोलीस मात्र त्याच्याच दारात येतात, कारण परकीय सूत्रधार केव्हाच उडून गेलेला असतो. जून २०२२ पासून सीमेलगतच्या देशांच्या नागरिकाला भारतीय कंपनीचा संचालक होण्यापूर्वी गृह मंत्रालयाची सुरक्षा परवानगी घ्यावी लागते. दरवाजा असा अरुंद झाला की आतून कडी काढून देणाऱ्या माणसाचा भाव वाढतो, हेही ध्यानात घ्यावे.

शाखेत येणाऱ्या, महाविद्यालयात शिकणाऱ्या, नोकरीच्या शोधात पुण्याच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाशी घरच्यांनी याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. आधार आणि पॅन कार्डाच्या प्रती, संचालकपदाच्या संमतिपत्रावरची सही, स्वतःच्या नावाने दुसऱ्यासाठी उघडलेले बँक खाते, घराच्या पत्त्यावर घेतलेली जीएसटी नोंदणी, ही आजची गडाची दारे आहेत.

शेवटी ज्यांची घरे पाहुण्यांसाठी खुली आहेत त्यांच्याविषयी. २०१८ मध्ये जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा मिळाला. द्राक्षबागांतून आणि धरणाकाठी राहण्याच्या सोयी झाल्या, पश्चिम आदिवासी पट्ट्यातील घरांनाही त्यातून चार पैसे मिळू लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. परकीय पाहुणा मुक्कामी आला, तर हॉटेल असो वा घर, त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळविण्याचे बंधन यजमानावर आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास व परकीय नागरिक कायदा लागू झाला आणि १९२० ते २००० या काळातील चार जुने कायदे इतिहासजमा झाले. यजमानाची ही जबाबदारी कायम राहिली. त्यासाठी पाहुण्याचा पासपोर्ट आणि व्हिसाचे पान पाहावे, त्यावर टुरिस्ट लिहिले आहे की बिझनेस ते वाचावे, मुदत पाहावी आणि मगच खोलीची किल्ली द्यावी. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर दीर्घकाळ राहावयास आलेल्या परकीयाला बहुतेक वेळा आगमनानंतर चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. पुणे जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. पाहुण्याला हे ठाऊक नसेल, तर यजमानानेच त्याला सांगावे.